आधी १५, मगच ९ : चालू प्रोग्रॅमला सिग्नल कसा पोचतो

 

आजचा विषय एका श्रोत्यांच्या प्रश्नावरून घेतला आहे. त्यांनी विचारलंय, "आमच्या सर्व्हरवर एखादा प्रोग्रॅम अडकला की सगळे सरळ 'किल मायनस नाइन' करतात. यात काही धोका आहे का? आणि या नऊच्या आधीचे आठ कुठे गेले?" प्रश्न छान आहे. आयटीत काम न करणाऱ्यांनीही ऐकत राहा. हा विषय शेवटी पगाराच्या फाइलपर्यंत जातो, आणि पगार सगळ्यांचाच असतो.

सुरुवात आपल्या दोहातूनच करू. रमजानमध्ये सूक वाकिफला किंवा कताराला मगरिबच्या वेळी गेला असाल, तर तिथली इफ्तारची तोफ तुम्ही ऐकली असेल. ती तोफ काय सांगते? शब्दात काहीच नाही. एक आवाज होतो, बस. पण रोजा असलेला माणूस खजूर उचलतो, हॉटेलवाला वाढायला घेतो, आणि फोटो काढायला आलेले पाहुणे मोबाईल वर धरतात. आवाज एकच, पण प्रत्येकाने काय करायचं ते आधीच ठरलेलं. संगणकातला सिग्नल असाच असतो. त्यात मजकूर नसतो, फक्त एक क्रमांक असतो. त्या क्रमांकावर काय करायचं हे आधी ठरलेलं असतं.

आता प्रोसेस म्हणजे काय ते पाहू. डिस्कवर पडलेला प्रोग्रॅम म्हणजे वहीत लिहिलेली पाककृती. ती प्रत्यक्ष शिजायला लागली की झाली प्रोसेस. तुमच्या लॅपटॉपवर या क्षणी अशा शेकडो प्रोसेस चालू असतील. प्रत्येकीला एक नंबर असतो, त्याला पीआयडी म्हणतात. आणि प्रत्येकीची मेमरी वेगळी, बंद दाराआड. एक प्रोसेस दुसरीच्या घरात डोकावू शकत नाही. हे मुद्दाम केलेलं आहे, नाहीतर एका प्रोग्रॅमची चूक सगळ्यांना घेऊन बुडेल.

मग शेजाऱ्याला निरोप कसा द्यायचा? मोठा मजकूर द्यायचा असेल तर पाइप आहेत, सॉकेट आहेत, मेसेज क्यू आहेत. पण नुसतं "अहो, इकडे लक्ष द्या" एवढंच सांगायचं असेल तर सिग्नल. बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवली. सिग्नलची कल्पना तिथली, युनिक्सच्या अगदी सुरुवातीच्या काळातली. आज लिनक्स, मॅक आणि तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन, सगळीकडे तीच पद्धत चालते.

एक लक्षात ठेवा. सिग्नल एका प्रोसेसकडून दुसरीकडे थेट जात नाही. मध्ये कर्नल असतो, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. तुम्ही कर्नलला सांगता, "अमुक नंबरच्या प्रोसेसला १५ नंबरचा सिग्नल द्या." कर्नल आधी तुमचा अधिकार तपासतो. साधा वापरकर्ता फक्त स्वतःच्या प्रोसेसना सिग्नल पाठवू शकतो, दुसऱ्याच्या नाही. रूट मात्र कोणालाही पाठवू शकतो. अधिकार असेल तर कर्नल त्या प्रोसेसच्या नावावर एक खूण करून ठेवतो, आणि तिची चालण्याची पाळी आली की आधी ती खूण तिच्यासमोर धरतो.

कर्नल स्वतःहूनही सिग्नल देतो. प्रोग्रॅमने आपली नसलेली मेमरी चाचपली तर ११ नंबर, म्हणजे सिगसेगव्ह. पूर्णांकाला शून्याने भागलं तर बहुतेक संगणकांवर ८ नंबर. आणि तुम्ही काळ्या पडद्यावर कंट्रोल सी दाबता तेव्हा जातो तो २ नंबर, सिगइंट. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी कंट्रोल सी दाबलंय, त्यांनी सिग्नल पाठवलेला आहे, नाव माहीत नसलं तरी.

(छोटा संगीत विराम)

सिग्नल आला की प्रोसेसपुढे तीन वाटा असतात. पहिली, काहीच ठरवलेलं नसेल तर कर्नलने ठरवून दिलेली कृती होते. बऱ्याच सिग्नलच्या बाबतीत ती कृती म्हणजे प्रोसेस संपणं. दुसरी, प्रोग्रॅमने आधीच सांगून ठेवलेलं असतं की हा सिग्नल आला तरी दुर्लक्ष कर. तिसरी वाट कामाची. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एक छोटं फंक्शन लिहून ठेवलेलं असतं, त्याला हँडलर म्हणतात. सिग्नल आला की हातातलं काम थांबवून आधी ते फंक्शन चालतं.

काही सिग्नलना इतिहास आहे. १ नंबरचा सिगहप घ्या. हप म्हणजे फोन ठेवणं. पूर्वी लोक टेलिफोन लाइन आणि मोडेमवरून दूरच्या संगणकाला जोडले जायचे. लाइन तुटली की कर्नल त्या माणसाच्या प्रोसेसना १ नंबर द्यायचा, म्हणजे "मालक गेले, आता आवरा." आजही रिमोट कनेक्शन तुटलं की चालू काम बंद पडतं, त्याचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. त्यावर 'नोहप' नावाची कमांड आहे, ती प्रोग्रॅमला या सिग्नलकडे दुर्लक्ष करायला लावते. आणि जे सर्व्हर प्रोग्रॅम मालकाशिवाय मागे चालत राहतात, त्यांना फोन ठेवला जाण्याशी देणंघेणं नसतं. म्हणून त्यांनी या १ नंबरला नवं काम दिलं, "सेटिंगची फाईल पुन्हा वाच." एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असंच करतो. चालू ग्राहक न तोडता तो नवी सेटिंग उचलतो.

आणखी दोन सिग्नल आहेत, सिगयूएसआर वन आणि टू. यांना ठरलेला अर्थच नाही. ते घरच्या सांकेतिक खुणांसाठी राखून ठेवलेत. आठवतं का, आखातातून घरी फोन करणं महाग होतं तेव्हा आपल्याकडे मिस्ड कॉलची भाषा होती? एक रिंग म्हणजे सुखरूप पोचलो, दोन म्हणजे तू फोन कर. दुसऱ्या कोणाला त्याचा अर्थ कळायचा नाही. हे दोन सिग्नल तसेच. लिनक्सवरच्या 'डीडी' या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमला यूएसआर वन पाठवलात, तर तो किती काम झालं ते सांगतो आणि पुढे चालू लागतो. पण ज्या प्रोग्रॅममध्ये अशी खूण ठरवलेलीच नाही, त्याला तोच सिग्नल पाठवलात तर तो बंद पडतो. त्यामुळे घरची खूण घरातच वापरायची.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ, १५ आणि ९.

'किल' या कमांडचं नाव भयंकर आहे, पण तिचं काम फक्त सिग्नल पाठवणं. नंबर दिला नाहीत तर ती १५ पाठवते, म्हणजे सिगटर्म. याचा अर्थ, "कृपया काम आटोपतं घ्या." हा सिग्नल प्रोग्रॅम पकडू शकतो. हातातला व्यवहार पूर्ण करतो किंवा नीट मागे घेतो, उघड्या फाइली बंद करतो, तात्पुरत्या फाइली पुसतो, आणि मग जातो. ९ नंबर, सिगकिल, तसा नाही. तो पकडता येत नाही, टाळता येत नाही, अडवून ठेवता येत नाही. प्रोग्रॅमला तो आल्याचं कळतही नाही. कर्नल त्याला पुन्हा चालूच देत नाही. अशी सूट फक्त दोन सिग्नलना आहे, ९ आणि थांबवून ठेवणारा सिगस्टॉप.

एमबीएच्या भाषेत सांगायचं तर १५ म्हणजे नोटीस पीरियड. कतारमध्ये २०२० च्या १८ व्या कायद्यानुसार नोकरी दोन वर्षांपर्यंत झाली असेल तर एक महिन्याची नोटीस, त्याहून जास्त झाली असेल तर दोन महिन्यांची. तो काळ कशासाठी? हँडओव्हरसाठी. कोणती फाईल कुठे, कोणाचे पैसे यायचे, किल्ल्या कोणाकडे. ९ म्हणजे माणसाला टेबलावरून तसाच उचलून गेटबाहेर ठेवणं. टेबलावर काय राहिलं ते नंतर इतरांनी शोधायचं.

मग ९ ने नेमकं काय राहून जातं? इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, म्हणून नीट सांगतो. प्रोसेस कशीही मेली तरी कर्नल तिची मेमरी परत घेतो, उघड्या फाइली बंद करतो, नेटवर्कची कनेक्शन तोडतो. प्रोग्रॅमने कर्नलच्या हवाली केलेला डेटाही जात नाही, कर्नल तो डिस्कवर लिहितो. तेवढ्यापुरतं हे लाइट जाण्यापेक्षा बरं. पण जो डेटा प्रोग्रॅमच्या स्वतःच्या पोटात, म्हणजे त्याच्या बफरमध्ये होता, तो गेला. अर्धी लिहिलेली फाईल अर्धीच राहिली. तात्पुरत्या फाइली तशाच. आणि "मी काम करतोय, दुसऱ्याने येऊ नये" अशी पाटी म्हणून डिस्कवर ठेवलेली लॉक फाईल, तीही तशीच लटकत राहिली.

याचं एक पाहिलेलं उदाहरण सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही. कतारमध्ये २०१५ पासून वेतन संरक्षण प्रणाली आहे, आपण सगळे तिला डब्ल्यूपीएस म्हणतो. कंपनीने कामगारांचा पगार बँकेतूनच द्यायचा, देय तारखेपासून सात दिवसांच्या आत. त्यासाठी बँकेला एक ठरावीक साच्यातली फाईल जाते, एसआयएफ. तिच्या पहिल्या नोंदीत एकूण माणसं किती आणि एकूण रक्कम किती ते असतं, आणि खाली प्रत्येक कामगाराची एक ओळ.

त्या कंपनीत गुरुवारी दुपारी ही फाईल बनवणारा प्रोग्रॅम बराच वेळ पुढे सरकेना. खरं तर तो अडकला नव्हता, डेटाबेसमधल्या दुसऱ्या एका कामाची वाट बघत होता. कोणीतरी ९ नंबर मारला. फाईल तयार झालेली दिसली म्हणून ती बँकेच्या पोर्टलवर गेली, आणि तिथून परत आली. पहिल्या नोंदीतली संख्या आणि खालच्या ओळी जुळत नव्हत्या. प्रोग्रॅम पुन्हा चालवला तर तो म्हणे, "मी आधीच चालू आहे." लॉक फाईल मागे राहिली होती ना! शुक्रवार-शनिवार सुट्टी. सातवा दिवस जवळ. आणि त्या यादीतला प्रत्येक माणूस महिन्याच्या त्याच दिवसांत गावी पैसे पाठवतो. कोणाच्या मुलाची फी, कोणाच्या आईचं औषध.

बँकेने फाईल परत केली ते बरंच झालं. तपासणी नसती तर यादीच्या शेवटच्या काही लोकांना पगारच मिळाला नसता, आणि फाईल गेली म्हणून ऑफिसात सगळे निर्धास्त. रविवारी फाईल गेली आणि पगार मुदतीत झाले.

नंतर तिथे तीन बदल केले. ते तुम्हालाही उपयोगी पडतील.

पहिला बदल. प्रोग्रॅमला १५ नंबरसाठी हँडलर दिला. पण हँडलरमध्ये सगळी आवराआवर केली नाही. हँडलर कुठल्याही क्षणी मध्येच घुसतो, अगदी प्रोग्रॅम मेमरी मागत असताना किंवा काही छापत असतानासुद्धा. तिथे पुन्हा तेच काम करायला गेलात तर प्रोग्रॅम कायमचा लटकू शकतो. म्हणून हँडलरने फक्त एक झेंडा वर करायचा, "थांबायला सांगितलंय." मुख्य काम प्रत्येक ओळीनंतर तो झेंडा बघतं आणि शिस्तीत थांबतं.

दुसरा बदल. फाईल थेट अंतिम नावाने लिहायचीच नाही. आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहायची, ओळी मोजायच्या, आणि मग नाव बदलायचं. एकाच डिस्क विभागात नाव बदलणं ही युनिक्समध्ये अखंड क्रिया आहे. झाली तर पूर्ण होते, नाहीतर होतच नाही. म्हणजे उद्या ९ नंबर आला तरी अर्धवट फाईल बँकेच्या वाटेला लागत नाही.

तिसरा बदल. लॉक फाइलमध्ये पीआयडी लिहायचा. प्रोग्रॅम पुन्हा सुरू होताना त्या पीआयडीला सिग्नल शून्य पाठवतो. हा मजेशीर प्रकार आहे. शून्याने काहीच पोचत नाही, कर्नल फक्त सांगतो की अशी प्रोसेस आहे की नाही. नसेल तर पाटी जुनी, काढून टाका. मात्र पीआयडी काही काळाने दुसऱ्या प्रोसेसला मिळू शकतो, म्हणून नावही पडताळायचं.

(छोटा संगीत विराम)

तुम्ही म्हणाल, आता सगळं क्लाउडवर आहे, किल कोण करतो? मंडळी, क्लाउडवर तर हे रोज होतं, आणि माणसाशिवाय होतं. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आणि गूगलने २०२३ मध्ये कतारमध्ये आपले क्लाउड विभाग सुरू केले. अशा ठिकाणी बरेच प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालतात. नवी आवृत्ती आली, लोड कमी झाला, मशीन बदललं, की जुना कंटेनर बंद आणि नवा सुरू. बंद करायची पद्धत तीच, आधी १५, थोडी वाट, मग ९. डॉकर साधारणपणे १० सेकंद थांबतो, कुबरनेटिस ३० सेकंद. हे आकडे बदलता येतात, पण कोणी बदलले नाहीत तर एवढेच.

म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमला आवरायला ४० सेकंद लागत असतील, तर कुबरनेटिसवर प्रत्येक नव्या आवृत्तीला त्याचं काम अर्ध्यातून तुटतं.

इथे एक खोच आहे, ती माहीत नसते म्हणून लोक डोकं धरून बसतात. कंटेनरमधल्या पहिल्या प्रोसेसचा पीआयडी १ असतो. कर्नल १ नंबरच्या प्रोसेसला खास वागवतो. तिने १५ साठी हँडलर लिहिला नसेल, तर १५ तिच्यापर्यंत पोचतच नाही. त्यात बरेच जण कंटेनर एका शेल स्क्रिप्टने सुरू करतात. मग १ नंबरवर बसते ती शेल, खरा प्रोग्रॅम तिचं मूल. सिग्नल शेलला येतो, ती पुढे देत नाही, दहा सेकंद जातात आणि सगळ्यांवर ९ पडतो. उपाय सोपा आहे. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत प्रोग्रॅमच्या नावाआधी 'एक्झेक' लिहा. मग शेलच्या जागी प्रोग्रॅमच १ नंबरवर येतो. हँडलर मात्र हवाच.

हे घडतंय का ते ओळखायचं कसं? बंद पडलेल्या कंटेनरचा एक्झिट कोड बघा. सिग्नलने मेला असेल तर १२८ अधिक सिग्नलचा नंबर. १४३ म्हणजे १५ ने गेला. १३७ म्हणजे ९ ने. १३७ वारंवार दिसत असेल तर दोन शक्यता आधी तपासा. एक, वेळेत आवरत नाही. दोन, मेमरी संपली आणि कर्नलने स्वतःच ९ मारला. मेमरी संपल्यावर कर्नल नोटीस देत नाही.

आता श्रोत्यांचे आणखी दोन छोटे प्रश्न.

"९ मारूनही प्रोसेस जात नाही, असं का?" दोन कारणं सांगतो. एक, ती आधीच मेलेली आहे. यादीत तिच्यापुढे झेड दिसेल, झॉम्बी. तिच्या आईप्रोसेसने तिचा निकाल वाचलेला नाही, म्हणून नाव कटलं नाही. मेलेल्याला पुन्हा काय मारणार? आईप्रोसेसकडे बघा. दुसरं, तिच्यापुढे डी दिसेल. ती डिस्क किंवा नेटवर्कवरच्या फाइलची वाट बघत कर्नलच्या आत अडकली आहे. तिथून बाहेर आल्याशिवाय बहुधा ९ सुद्धा लागू होत नाही. अशा वेळी सिग्नलचा मारा करण्यापेक्षा स्टोरेज तपासा.

"एकच सिग्नल पाच वेळा पाठवला तर हँडलर पाच वेळा चालेल का?" खात्री नाही. तुम्ही स्वयंपाकघरात असताना दूधवाल्याने बेल तीनदा वाजवली, तरी तुम्ही दार एकदाच उघडता. नेहमीचे सिग्नल असेच. एक खूण बाकी असताना दुसरी आली तर दोन्ही मिळून एकच. म्हणून सिग्नलने मोजदाद करू नका. मोजायचं असेल तर मेसेज क्यू वापरा. रिअल टाइम सिग्नल नावाचा वेगळा गट रांगेत उभा राहतो, पण रोजच्या कामात तो क्वचित लागतो.

मग रविवारी सकाळी ऑफिसात गेल्यावर काय करायचं? प्रोसेस अडकली वाटली तर आधी ती कशाची वाट बघतेय ते पाहा. थांबवायचीच असेल तर १५ पाठवा. तिला आवरायला साधारण किती वेळ लागतो हे तिच्या लेखकाला विचारून ठेवा, आणि तेवढा वेळ द्या. तरी गेली नाही तर ९, आणि ९ नंतर लगेच अर्धवट फाइली आणि लॉक फाइली तपासा. पोस्टग्रेस डेटाबेससाठी तर त्याच्या अधिकृत माहितीतच लिहिलंय की सर्व्हर बंद करायला ९ वापरू नका. आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींनी आजच एक चाचणी घ्या. आपला प्रोग्रॅम ऐन कामात असताना त्याला १५ पाठवा, आणि मागे काय उरतं ते बघा. पगाराच्या आठवड्यात ते कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

प्रश्न पाठवत राहा. पुढच्या भागात पाइपबद्दल बोलू, म्हणजे एका प्रोसेसचं उत्तर दुसरीच्या हातात कसं जातं ते. तोवर नमस्कार!